सहलीची मालकीण

अर्विला टॉर्गरसनला बिकनेल गावात कुणीही मत्सरी म्हटलं नसतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची एकतीस वर्षं गेली होती. दर गुरुवारी ती राजमा-खिम्याच्या तिखट चिलीच्या वाडग्याबरोबर दालचिनीचा गोड रोल वाढायची, आणि गुरुवारी शाळेतलं एकही मूल आजारी पडत नसे. कुणाच्या घरी माणूस गेलं की चीज घातलेल्या बटाट्यांचं पहिलं भांडं अर्विलाचं पोचायचं. लग्नाचं तिचं जुळलं नाही. एकदा जुळत आलं होतं, पण तो मुलगा दोन वर्षं धर्मप्रचाराला गेला आणि परतला तो दुसरीचा हात धरूनच. अर्विलानं त्याच्या लग्नाचा केक केला. पुढं आई गेली, म्हातारे बाबा एकटे पडले, म्हणून ती त्यांच्याकडं राहायला आली ती तिथलीच झाली.

तिची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती. ऑगस्टची सहल.

टॉर्गरसनांचं मूळ घर फ्रूटाचं. लाल कड्यांच्या बेचक्यात, नदीच्या काठाला धरून वसलेल्या त्या आठ-दहा घरांच्या वस्तीत तिचे बाबा, रूलन, जन्मले. नंतर सरकारनं तो सगळा भाग राष्ट्रीय उद्यानात घेतला. माणसं उठली, झाडं राहिली. अजूनही तिथं पीच पिकतात, जर्दाळू पिकतात, आणि येईल त्यानं झाडाखाली उभं राहून पोटभर खावेत. दर ऑगस्टला टॉर्गरसनांचं अख्खं गणगोत तिथं तीन दिवस तंबू ठोकून राहायचं. आणि बावीस वर्षं या सहलीची आखणी अर्विला करायची. मोठ्या गटासाठीची जागा वर्षभर आधी आरक्षित करायची, कुणी कुठला तंबू आणायचा, कुणाच्या तंबूला भोक आहे, कुठल्या भाचीला शेंगदाणा चालत नाही, सगळं तिच्या डोक्यात. पहिला दिवस बागेचा. दुसरा दिवस मोठ्या घळीचा. दोन्ही बाजूंना आभाळाला टेकलेल्या भिंती आणि मधून कोरडं पात्र, त्यातून सगळ्यांनी चालायचं. तिसऱ्या दिवशी प्रार्थना, पीच भरून भाजलेला गोड ‘पाय’ आणि निरोप. बाबा घळीत कधी यायचे नाहीत. गुडघे धरतात म्हणायचे आणि तंबूपाशी खुर्ची टाकून बसायचे. अर्विला त्यांच्यासाठी थर्मास भरून ठेवायची.

वर्षभर शाळेतल्या बाई तिला हुकूम द्यायच्या. त्या तीन दिवसांत ती हुकूम द्यायची. धाकटा भाऊ वर्डेल ओरेमला राहायचा. त्याची बायको डोरिन स्वभावानं गाय. “अर्विला, तू सांगशील तसं,” एवढं एकच वाक्य तिला येत असावं. दोघींचं छान जमायचं. डोरिन कर्करोगानं गेली तेव्हा अर्विला खरोखर रडली.

तीन वर्षांनी, छप्पन्नाव्या वर्षी, वर्डेलनं ऑक्टोबरात दुसरं लग्न केलं. बायकोचं नाव मार्लिस. पन्नाशीची, आयडाहोची, हसरी. एका इस्पितळात पंचवीस वर्षं एकच काम केलेलं: कुठल्या डॉक्टरला कुठल्या वेळी शस्त्रक्रियेची कुठली खोली द्यायची ते ठरवणं.

“डॉक्टर लोकांना शिस्त लावलीय हिनं,” वर्डेल कौतुकानं सांगायचा. “आपले टॉर्गरसन म्हणजे काय, किस झाड की पत्ती!”

अर्विलाला ते वाक्य तेव्हाच टोचलं होतं. पण तिनं हसून दुसरा रोल वाढला.

जानेवारीत वर्डेल आणि मार्लिस चार दिवस राहायला आली. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्विला शाळेतून परत आली तर स्वयंपाकघराच्या टेबलावर हा एवढा मोठा कागद पसरलेला, चौकोन आखलेले, आणि मार्लिस त्यावर रंगीत पेनांनी लिहितेय.

“अर्विला, ये, बस ना. ऑगस्टचं जरा मांडून बघत होते. तेवीस माणसं, नाही का?”

“चोवीस. ब्रिनला मे महिन्यात होतंय.” ब्रिन म्हणजे वर्डेलची मोठी मुलगी. “आणि ऑगस्टचं झालंय सगळं. जागा माझ्या नावावर आहे. दरवर्षी असते.”

“ते किती बरं केलंस! म्हणजे जागेचं टेन्शन नाही. मी फक्त बाकीचं बघते. तू बावीस वर्षं एकटीनं खपलीस. यंदा तू नुसतं बसून पीच खायचेस.”

बसून पीच खायला तिला कुणी विचारलं होतं? पण वर्डेल सोफ्यावरून ओरडला, “बघ, म्हटलं नव्हतं? आता तुला सुटी!” आणि बाबाही खुर्चीतून मान हलवून म्हणाले, “पोरगी हुशार आहे.”

एकोणसाठ वर्षांत बाबांनी अर्विलाला हुशार म्हटलेलं तिला आठवेना. कामसू म्हटलं होतं. गुणाची म्हटलं होतं. हुशार, नाही.

त्या चार दिवसांत आणखी एक गोष्ट झाली. अर्विला शाळेत असताना मार्लिस बाबांपाशी बसायची. शनिवारी अर्विला घरी होती, तेव्हा तिनं ऐकलं. बाबा बोलत होते. सलग. दिवसाला वीस शब्दांच्या वर न जाणारा माणूस खालच्या आवाजात तासभर बोलत होता. ती दारात आली तसे ते थांबले.

“काय झालं? गोळी हवीय का?” तिनं विचारलं.

“नको,” बाबा म्हणाले. मार्लिसनं डोळे पुसल्यासारखं केलं आणि खिडकीबाहेर बघत बसली.

अर्विला स्वयंपाकघरात गेली आणि तिनं कणीक इतकी मळली की त्या दिवशीचे पाव दगड झाले.

फेब्रुवारीत मार्लिसनं फोनवर सगळ्यांचा एक गट केला. सकाळी उठलं की पन्नास निरोप. कुणी कुठलं बटाट्याचं भांडं आणायचं, मुलांसाठी खडक ओळखायचा खेळ, उन्हाच्या वेळेला सावलीची कामं. भाच्या नुसत्या नाचत होत्या. ‘मार्लिस, तू ग्रेट आहेस!’ ‘आधी का नाही आलीस आमच्यात!’ ब्रिननं तर लिहिलं, ‘पहिल्यांदाच असं वाटतंय की सहलीला मजा येणार.’

पहिल्यांदाच. अर्विलानं ते वाक्य चष्मा लावून तीनदा वाचलं. याच ब्रिनला सहा वर्षांची असताना घळीत पाय मुरगळला, तेव्हा पाठीवर घेऊन दोन मैल कोण चाललं होतं? कानामागून आली अन् तिखट झाली, दुसरं काय!

मार्चमध्ये पोस्टानं एक पुस्तिका आली. मार्लिसनं छापून घेतली होती, प्रत्येक घराला एक. अर्विलानं ती उभ्या उभ्या चाळली. पहिला दिवस, बाग. दुसरा दिवस, नदीकाठ, जुनी शाळा, घोड्याचा फेरफटका. तिसरा दिवस, प्रार्थना. मोठ्या घळीचं नावच नव्हतं.

तिनं फोन लावला.

“मार्लिस, दुसऱ्या दिवसात चूक झालीय छापताना. घळ राहिली.”

“राहिली नाही गं. मी काढली.”

“काढली? बावीस वर्षं आम्ही घळीत जातोय.”

“हो. पण यंदा नको असं वाटलं. अर्विला, तू एकदा बाबांशी बोल ना याबद्दल.”

“माझ्या बापाशी मी कधी बोलायचं ते आता तू सांगणार का?”

“तसं नाही म्हणत मी...”

अर्विलानं फोन ठेवला. अंगाचा तिळपापड झाला होता. पुस्तिका बंद करताना मागचं पान उघडलं गेलं. तिथं बाबांच्या हातानं काढलेला फ्रूटाचा नकाशा होता. हे घर, हा गोठा, ही शाळा, हे जर्दाळूचं झाड. झाडाखाली एक बारकीशी फुली आणि अक्षरं: ईडा.

बाबा खुर्चीत पेंगत होते. तिनं पुस्तिका त्यांच्यापुढं धरली. “ही ईडा कोण?”

बाबांनी नकाशाकडं बराच वेळ पाहिलं. “बहीण माझी. धाकटी.”

“तुम्हाला बहीण होती?”

“होती.”

“मला कधी बोलला नाहीत ते!”

“मार्लिसला सांगितलंय सगळं,” बाबा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

इथं एखादीनं खुर्ची ओढून विचारलं असतं, मलाही सांगा. अर्विलाला ते शब्द सुचलेच नाहीत. तिच्या मनात एवढंच राहिलं: एकवीस वर्षं मी या माणसाचे मोजे धुते, नखं कापते, रात्री खोकला आला तर उठते. आणि माझ्या सख्ख्या आत्याचं नाव मला चार दिवसांच्या पाहुणीच्या पुस्तकातून कळावं. आता या घरात कुणालाही काही विचारणार नाही, असं तिनं ठरवलं. मार्लिसला तर मेले तरी नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. शाळेचं जेवण उरकलं, ताटं धुवायला लागली, आणि अर्विला कोठीच्या खोलीतल्या संगणकापुढं बसली. दूध-भाज्यांची मागणी नोंदवायला तिला तो दिलेला होता. तिनं उद्यानाचं पान उघडलं. ऑगस्टचे तीन दिवस, मोठ्या गटाची जागा, नाव अर्विला टॉर्गरसन. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, रद्द करा. तिनं दाबलं. ‘नक्की?’ असं विचारलं. तिनं पुन्हा दाबलं.

क्षणभर फार बरं वाटलं. दहा मिनिटांनी तिनं ती जागा परत मिळते का पाहिलं, तर कुणीतरी घेतलीसुद्धा होती. मग तिनं फोनवरच्या त्या गटात आयुष्यातला पहिला निरोप लिहिला: ‘वाईट बातमी. पाण्याची पाइपलाइन दुरुस्त करायची म्हणून पार्कनं आपली जागा बंद केली आहे. यंदा सहल होणे नाही.’

संध्याकाळपर्यंत सगळे हळहळले. गटात रडक्या तोंडांची, तुटलेल्या हृदयांची चित्रं. अर्विलाला वाटलं होतं की आता लोक तिला फोन करतील, अर्विला आता कसं करायचं गं, विचारतील. आला तो एकच फोन, मार्लिसचा. आवाज नेहमीसारखाच हसरा, थोडा सावकाश.

“अर्विला, मला एक सुचलंय. तुला चालेल का बघ. बाबांच्या घरामागचं ते कुरण मोकळंच आहे ना? तंबू तिथं लावू. रोज सकाळी गाड्या घेऊन फ्रूटाला जायचं, संध्याकाळी परत. स्वयंपाकघर तुझं, म्हणजे जेवणाची सत्ता तुझी. आम्ही सगळ्या तुझ्या हाताखाली.”

नाही म्हणायला कारण सापडेना. “बघू,” अर्विला म्हणाली. रात्री सगळ्यांना मार्लिसचा निरोप गेला, आणि त्यात पहिलंच वाक्य होतं: ‘अर्विलानं मोठ्या मनानं आपलं कुरण दिलं आहे.’ त्यावर पन्नास टाळ्या. त्या टाळ्या अर्विलाला चपराकीसारख्या लागल्या. स्वतःच्याच कुरणाबद्दल शाबासकी मिळाली, आणि तीही हिच्या हातून.

ऑगस्ट आला. कुरणात अकरा तंबू उभे राहिले. ब्रिनचं तान्हं बाळ सगळ्यांच्या मांडीवरून फिरू लागलं. पहिल्या दिवशी बायका खरोखरच अर्विलाच्या हाताखाली राबल्या. मार्लिसनं न सांगता बटाट्यांचं पोतं ओढलं आणि सोलत बसली. तिला बटाटे सोलतासुद्धा छान येत होते. एक लांब साल, न तुटता. अर्विला बघत राहिली आणि मनातल्या मनात म्हणाली, तुटू दे एकदा तरी.

पहिला दिवस तंबू लावण्यातच गेला, म्हणून बाग दुसऱ्या दिवसावर आली. सकाळी सगळे फ्रूटाला गेले. पीचच्या बागेत शिड्या लागल्या, मुलांच्या हनुवटीवरून रस ओघळायला लागला. मोठ्या कॉटनवुड झाडाच्या सावलीत बाबांची खुर्ची मांडली. मार्लिसनं मुलांना भोवती बसवलं आणि म्हणाली, “आता आजोबा सांगतील शाळेत कसे जायचे ते.” आणि बाबा सांगू लागले. पोरं हसत होती. बाबाही हसले. तिकडं बादली हातात घेऊन उभ्या असलेल्या अर्विलाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. फक्त वर्डेलच्या सात वर्षांच्या नातीनं, पाइपरनं, तिचा एप्रन ओढला.

“अर्विला आत्या, यंदा घळीत का नाही जायचं? मागच्या वर्षी तू म्हणाली होतीस, सात वर्षांची झालीस की शेवटापर्यंत नेईन.”

म्हणाली होती खरी. अर्विलानं बादली खाली ठेवली. गेल्या आठ महिन्यांत जे साठलं होतं ते एका दमात बाहेर आलं.

“ज्यांना घळीत यायचंय त्यांनी माझ्या गाडीत बसा!” ती मोठ्यानं म्हणाली. “टॉर्गरसन दुसऱ्या दिवशी घळीत जातात. पुस्तकात असो नसो.”

एकदम गलका झाला. पोरं गोष्ट सोडून उठली. दोन भाचे म्हणाले, “चला, अर्विला आत्या निघाली!” मार्लिस घाईनं उठली, तिनं अर्विलाचा दंड धरला.

“अर्विला, नको. आज नको. मी तुला बाजूला सांगते.”

“दंड सोड.”

“प्लीज, ऐक माझं. बाबांसाठी म्हणते...”

“बाबांचं तू मला सांगू नकोस!”

ती पिकअपमध्ये चढली. मागं सात-आठ पोरं, पुढं पाइपर. बावीस वर्षांत असा विजय तिला कधी वाटला नव्हता. तिनं किल्ली फिरवली, आणि समोर बघितलं तर गाडीपुढं बाबा उभे होते.

काठी खुर्चीपाशीच राहिली होती. एवढं अंतर ते कसे आले कुणाला कळलं नाही. शहाऐंशी वर्षांचा माणूस, दोन्ही तळहात बॉनेटवर टेकून, अंगाचा सगळा भार देऊन उभा. पत्रा उन्हानं असा तापलेला की त्यावर अंडं शिजावं. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

अर्विलानं गाडी बंद केली. तेव्हा ऐकू आलं.

“पोरगी उतरव. आधी पोरगी उतरव.”

“बाबा, हात काढा! भाजतील!”

“उतरव तिला.”

पाइपर घाबरून उतरली. बाबांनी तिचं मनगट धरलं आणि इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. आभाळ निळंशार होतं. दूर डोंगरावर मात्र ढगाचा एक पांढरा गोळा होता, आणि बाबा त्याच्याकडंच बघत होते. मग ते बॉनेटला टेकूनच खाली घसरले. वर्डेल आणि मार्लिसनं त्यांना धरून सावलीत नेलं.

त्या दिवशी घळीत पाण्याचा थेंबही आला नाही. पण कुणी गेलंही नाही.

अर्विलानं बर्फाच्या पेटीतलं पाणी पातेल्यात ओतलं आणि बाबांचे तळहात त्यात धरले. कातडी लाल झाली होती, एका बोटाला फोड आला होता.

“गुडघे नव्हते ना ते?” शेवटी तिनं विचारलं. “इतकी वर्षं.”

बाबांनी मान हलवली.

“काय झालं होतं बाबा?”

“मार्लिसला विचार,” ते म्हणाले. “चिडून नाही म्हणत मी. एकदा सांगितलं तेव्हाच दम लागला. पुन्हा बळ नाही माझ्यात.”

म्हणजे ज्या बाईला मेले तरी विचारणार नाही म्हणून ठरवलं होतं, तिच्याच दारात जाणं आलं. अर्विला उठली. मार्लिस नदीच्या काठाला, टेबलाच्या टोकाशी पीच कापत बसली होती. अर्विला समोर बसली आणि तिनंही एक सुरी उचलली.

“सांग,” ती म्हणाली.

मार्लिसनं सांगितलं. बाबा नऊ वर्षांचे, ईडा पाच. एक खेचर सुटून घळीत गेलं होतं, ते आणायला बाबांना पाठवलं. ईडाला नेऊ नकोस म्हणून आईनं बजावलं होतं. ती रडली म्हणून त्यांनी नेलं. आभाळ स्वच्छ होतं. पाऊस पडला तो लांब डोंगरावर, आणि पाण्याचा लोंढा घळीत उतरला. आवाज आला तेव्हा त्यांनी तिला आधी कपारीवर चढवलं, मग स्वतः चढले. खेचर खालून वाहत गेलं. ते ईडाचं लाडकं खेचर. ती त्याला हाक मारायला वाकली.

“त्यांच्या हातात तिच्या फ्रॉकची बाही राहिली,” मार्लिस म्हणाली. “जर्दाळूच्या झाडाखाली पुरलं तिला. घरी ते नाव पुन्हा कुणी घेतलं नाही.”

अर्विलाच्या सुरीखालचा पीच केव्हाच लगदा झाला होता. “आणि मी दरवर्षी त्यांच्या डोळ्यांदेखत पोरं घेऊन जायची. टोप्या घालून. हात हलवा म्हणायची आजोबांना.”

“तुला काय माहीत.”

“तुला कसं सांगितलं? मला नाही, वर्डेलला नाही. तुला काय म्हणून?”

“मी काही विशेष नाही केलं गं,” मार्लिस म्हणाली. “इस्पितळात वेळा लावायचे तेव्हा सवय लागली. कुठं ठेवू हे सगळेच विचारतात. मी विचारायचे, कधी नको आहे? तसंच बाबांना विचारलं, तिथं कुठं जायचं नाही असं काही आहे का? ते बोलायलाच लागले.”

इतका साधा प्रश्न. अर्विलाला वाटलं, मी बावीस वर्षांत हजार प्रश्न विचारले असतील. सूप की सॅंडविच, घोंगडी एक की दोन. हा नाही विचारला. तिला रडू आलं, पण त्या रडण्यातही मत्सराचं कुसळ होतंच.

“मला पण काही सांगायचंय,” ती सुरी खाली ठेवून म्हणाली. “पाइपलाइन-बिइपलाइन काही नव्हती. जागा मी रद्द केली. तुझ्यावरच्या रागानं.”

मार्लिस पुढचा पीच कापत म्हणाली, “माहीत आहे.”

“काय?”

“त्याच दिवशी दुपारी पार्कला फोन केला होता मी, दुसरी जागा मिळते का म्हणून. ते म्हणाले, कसली दुरुस्ती? जिच्या नावावर होती तिनंच रद्द केलीय.”

“वर्डेलला सांगितलंस?”

“छे! त्याच्या पोटात काही राहतं का?”

“मग गप्प का बसलीस? चारचौघांत माझी शोभा करायची संधी होती.”

“तू इतकं केलंस म्हणजे तुला किती लागलं असेल असं वाटलं. आणि खरं सांगू? राग मलाही आला होता. तीन दिवस आला होता. चौथ्या दिवशी कुरण सुचलं.”

अर्विला तिच्याकडं बघत राहिली. तीन दिवस रागावली म्हणते, आणि कुरणाचा फोन तर त्याच संध्याकाळी आला होता. म्हणजे थापही मारते ही, दुसऱ्याला हलकं वाटावं म्हणून. चांगुलपणातसुद्धा आपल्या चार पावलं पुढं. असल्या बाईचं करायचं तरी काय?

“तू ना, मार्लिस,” ती शेवटी म्हणाली, “एखादी तरी गोष्ट वाईट करत जा. आम्हाला बरं वाटेल.”

मार्लिस पहिल्यांदाच खो खो हसली. “माझे पाव खाल्ले नाहीस तू अजून. वर्डेल कुत्र्याला घालतो.”

हे ऐकून अर्विलाला जितकं बरं वाटलं, तितकं बरं वाटू नये हे तिला कळत होतं.

दुपारनंतर सगळे कुरणात परतले. पोरांना मार्लिसनं काय सांगितलं कोण जाणे, घळीचा विषय कुणी काढला नाही. पाइपर बाबांच्या खुर्चीच्या दांड्यावर बसून त्यांच्या पट्टी बांधलेल्या हातांवर पेननं फुलं काढत होती. ऊन उतरलं, तशी अर्विला बाबांना सूप घेऊन गेली. पाइपरला आई बोलवायला आली, आणि दोघंच उरली.

अर्विलानं चमचा पुढं केला. नेहमीचं ‘गरम आहे, फुंकून प्या’ ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. तिला वाटलं, झालं त्याबद्दल विचारायचं नाही. ते मार्लिसपाशी आहे, तिथंच राहू दे. पण आपण एकतीस वर्षं पोरांना जेवू घातलंय. आपल्याला एवढं तर विचारता येईल.

“बाबा, ईडाला खायला काय आवडायचं?”

बाबांनी चमचा हातानं बाजूला केला. मग त्यांच्या तोंडाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं.

“कच्चे जर्दाळू,” ते म्हणाले. “हिरवेगार. मीठ लावून. आईच्या मिठाच्या बरणीतून मूठभर पळवायची आणि झाडावर चढून बसायची. पोट दुखेपर्यंत खायची, वर मला म्हणायची, रूलन, पोट तुझं दुखतंय असं सांग आईला.”

“मग?”

“मग काय. सांगायचो. एरंडेल मला मिळायचं.”

ते हसले. मोठ्यानं नाही, पण खांदे हलले. अर्विलाही हसली, आणि सूप निवून गेलं.

बाबा त्यानंतर दोन वर्षं जगले. सहल आता मार्लिस आखते, आणि जेवण अर्विलाचं असतं. दोघींचं फोनवर महिन्याला एकदा तरी वाजतं. मार्लिसच्या वहीत बाबांनी सांगितलेलं सगळं नीट लिहिलेलं आहे. खेचर, बाही, फुली. नातवंडं तीच वही वाचतात. पण त्या वहीत मीठ लावलेले कच्चे जर्दाळू नाहीत. अर्विलानं ते मार्लिसला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.